शेवटचे चौदा सेकंद

सबनीसकाकांना वेळ विचारायची नाही. आमच्या सोसायटीत नव्या भाडेकरूला पाण्याची वेळ नंतर सांगतात, ही सूचना आधी. कारण काका वेळ सांगत नाहीत, घड्याळ सांगतात. मनगट पुढे येतं आणि आपण थेट 1848 साली, स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ गावी, लुई ब्रांट यांच्या छोट्याशा कारखान्यात. ब्रांटांचं नाव काका असं घेतात, की मधल्या आळीतले चुलत आजोबाच वाटावेत.

घड्याळ ओमेगा स्पीडमास्टर, 1971चं, रोज चावी द्यायचं. सेकंडहँड म्हटलेलं खपत नाही. “प्री-ओन्ड म्हण. सेकंडहँड म्हणजे सेकंदकाटा!” फंडाच्या पैशातून घेतलेलं. काकूंच्या पाटल्या त्यामुळे अजून सोनाराकडेच आहेत.

1957 साली हे मोटारशर्यतींसाठी निघालं, 1965 साली नासानं तावूनसुलाखून घेतलं, 1969 साली ऑल्ड्रिनच्या हातावर चंद्रावर उतरलं. आर्मस्ट्राँगच्या का नाही? यानातलं घड्याळ बिघडलं, म्हणून त्यानं आपलं आतच ठेवलं होतं. हे सांगताना काकांचा चेहरा असा, की सकाळी चावी यांनीच देऊन पाठवलं होतं.

पण खरा जीव अपोलो 13वर. “एप्रिल 1970. यान जखमी, वीज जपून वापरायची. मार्ग सुधारायला इंजिन फक्त चौदा सेकंद चालवायचं. मोजले कोणी? याच्या भावानं!” आणि वरचं बटण – टक्. चौदा सेकंदांनी पुन्हा टक्. मग सुटकेचा निःश्वास. दर वेळी.

घड्याळ आल्यापासून काका सगळंच मोजतात. मंगलाष्टकं, टक्. काकूंचं ‘आलेच पाच मिनिटांत’, टक्, एक्केचाळीस मिनिटं. एका शोकसभेत दोन मिनिटांचं मौन संपलं आणि काका शेजारच्याला म्हणाले, “एक बावीस. अडतीस सेकंद मृतात्म्याचे बुडाले.” स्वतः मात्र सगळीकडे उशिरा. म्हातारं घड्याळ रोज थोडं मागे पडतं, आणि त्याला पुढे ढकलणं काकांना उद्धटपणा वाटतो.

गेल्या मे महिन्यात लाईट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत काका आणि माझी आठ वर्षांची सई. दार उघडेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. मी जिन्यात रडायच्या बेतात. सई बाहेर आली ती उड्या मारत. “बाबा, आम्ही अपोलो तेरा होतो! फक्त चौदा सेकंद!” मागून काका. सदरा अंगाला चिकटलेला, भिंतीचा आधार घेत. टक् नाही, आकडा नाही.

रात्री सईनं सांगितलं. काळोखात घड्याळ दिसतच नव्हतं. काट्यांवरचं ट्रिटियम केव्हाच विझलेलं. मग काकांनी ते तिच्या कानाशी धरलं. सेकंदाला सहा ठोके. सहा ठोक्यांना तिच्या तळव्यावर एक टिचकी. चौदा टिचक्या झाल्या की टक्, आणि “आता हे शेवटचे चौदा हं.”

“असे किती वेळा?”

“काका म्हणाले, ते मोजायचं नसतं.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. “काका, किती वाजले हो?”

मनगट पुढे आलं. “1848 साली…”

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.