विंकच्या बायकोचं ऐकलंत का?

अहो वहिनी, ऐकलंत का? विंकची दुसरी बायको, ती सँडी, आधी एल्विस प्रेस्लीबरोबर फिरायची! आता विंक मार्टिनडेल कोण हे तुम्हाला काय सांगायचं, अमेरिकेत टीव्हीवर गेम शो घ्यायचा, दात दाखवत हसायचा तो. सँडीच्या वडिलांचा लॉस एंजेलिसकडे नाइटक्लब होता, तिथे एल्विसची स्वारी यायची, तिथनं ओळख. त्याच्या सिनेमांत नाचलीसुद्धा ती. आणि १९७५ साली लग्न केलं कुणाशी, तर विंकशी, जो एल्विसचाच जुना दोस्त! पण मी बघा मधूनच सुरू केलं...

विंकचं गाव टेनेसीतलं जॅक्सन, जन्म १९३३ चा. खरं नाव विन्स्टन, पण बरोबरच्या एका पोराला ते म्हणता येईना, तो आपला 'विंकी' म्हणायचा, तेच चिकटलं. हा लहानपणी काय करायचा माहितीय? 'लाइफ' मासिकातल्या जाहिराती फाडायच्या, खोलीचं दार लावायचं आणि रेडिओवाल्यांसारख्या मोठ्यांदा वाचायच्या. आमच्याकडे असं मासिक फाडलं असतं तर आधी धपाटा बसला असता, असो. १७ व्या वर्षी गावच्याच स्टेशनवर डीजे म्हणून लागला, आठवड्याला २५ डॉलरवर. मग मेम्फिसच्या डब्ल्यूएचबीक्यू स्टेशनवर.

आणि खरी मजा तिथेच झाली. १९५४ चा जुलै. रात्रीचा डीजे होता ड्यूई फिलिप्स, महाआचरट, बोलायला लागला की धरबंध नाही. सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सनं (आडनाव एकच, पण नात्यातले नव्हेत हो) त्याच्या हाती १९ वर्षांच्या एका पोराची रेकॉर्ड दिली. ड्यूईनं ती लावली मात्र, फोन खणखणायला लागले. मग पुन्हा लावली, पुन्हा लावली. त्या पोराच्या, म्हणजे एल्विसच्या, घरी फोन केला तर आई म्हणते, तो सिनेमाला गेलाय. लाजून अंधारात जाऊन बसला होता हो! आईबापांनी थिएटरात शोधून त्याला धाडलं. ड्यूई असा बिलंदर, माइक चालू ठेवून नुसत्याच गप्पा मारतोय असं दाखवलं. शेवटी पोरानं विचारलं, मुलाखत कधी घेणार? हा म्हणतो, झाली की! पोराला दरदरून घाम फुटला. शाळा कुठली ते मात्र ड्यूईनं मुद्दाम वदवून घेतलं, कारण तेव्हा तिकडे गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या. शाळेचं नाव ऐकल्यावर लोकांना कळलं, पोरगा गोरा आहे. गाण्यावरून कुणाला वाटलंच नव्हतं...

तर काय सांगत होते, विंक. तो त्या रात्री स्टेशनवरच होता. माझं म्हणणंच आहे, ह्याच्या शेजारी कायम दुसऱ्याचं नशीब उघडायचं आणि हा हसत उभा. पण जळफळाट म्हणून नाही! उलट १९५६ साली आपल्या टीव्हीवरच्या डान्स पार्टीत एल्विसला बोलावून मुलाखत घेतली.

त्याचंही एकदा नशीब उघडलं म्हणा. १९५९ साली 'डेक ऑफ कार्ड्स' नावाची रेकॉर्ड काढली. गायलेला नाही, नुसता बोललाय. चर्चमध्ये पत्ते काढून बसलेला एक सोल्जर साहेबापुढे सांगतो की एक्का म्हणजे देव, तिर्री म्हणजे त्यांचं ते पिता-पुत्र-पवित्र आत्मा... दहा लाखांवर खपली, चार्टवर सातव्या नंबरापर्यंत गेली. आणि पुढे १९७२ साली हाच माणूस सीबीएस चॅनेलवर 'गँबिट' नावाचा शो घेऊन आला. त्यात काय, तर नवराबायकोच्या जोड्यांनी पत्ते उलटून एकवीस करायचे, पैशासाठी! देवाचे पत्ते ते हेच का, असं कुणी विचारलं नाही त्याला. पत्ते वाटायला होती इलेन स्टुअर्ट, एके काळची नटी. ती लागली कशी, तर निर्माते मेरिल हीटर तिचे यजमान! मी काही बोलत नाही हं.

मग १९७८ पासून 'टिक टॅक डो', आपला फुल्ली-गोळाच की. ह्या नावाच्या जुन्या शोत १९५० च्या दशकात स्पर्धकांना आधीच उत्तरं द्यायचे, प्रकरण पार ग्रँड ज्युरीपुढे गेलेलं. पण विंकच्या काळात १९८० साली नौदलातला थॉम मॅकी आला, तो उठेचना! येणाऱ्याजाणाऱ्याला हरवत ३,१२,७०० डॉलर नेले, त्यात आठ गाड्या. आठ गाड्या लावायच्या कुठे हो? समोर येऊन बसणारे चांगले हसतहसत यायचे आणि दोन प्रश्नांत तोंडं एवढीशी व्हायची. विंकचं हसू मात्र जिंकणाऱ्यालाही तेच, हरणाऱ्यालाही तेच. म्हणून तर टिकला. वीसेक शो केले, २००६ साली हॉलीवूडच्या फुटपाथवर नावाचा तारा बसला. एल्विस बिचारा ४२ व्या वर्षीच गेला, हा गेला १५ एप्रिल २०२५ ला, ९१ चा होऊन. शेवटपर्यंत सँडी सोबत, ४९ वर्षं संसार केला तिनं.

पण मला विचाराल तर त्याचा सगळ्यात भारी शो म्हणजे १९९६ चा 'डेट'. उधारीवाली डेट हो, ती दुसरी नव्हे! क्रेडिट कार्डाची, गाडीची, शिक्षणाची कर्जं घेऊन लोक यायचे, कशापायी किती देणं आहे ते सगळ्यांदेखत सांगायचे, आणि जिंकला की कर्ज चॅनेलनं फेडायचं. आपल्याकडे कुणी तो शो आणा म्हणावं, वहिनी. नाव मी कुणाचं घेत नाही, पण आपल्याच गल्लीतून पहिली रांग लागेल, आणि कोण कोण उभं असेल ते तुम्हालाही ठाऊक आहे.