सर्व्हर शहाणा आहे

नवा डेस्कटॉप जोडायचा म्हटलं, की काकांचा पहिला प्रश्न, "पिंग केलास काय?" केलं म्हटलं तरी खुर्ची ओढून स्वतः पुन्हा करतात. उत्तराच्या चार ओळी आल्या की मगच चष्मा पुसतात.

काका मूळचे बेळगावचे, बंगळुरात येऊन तीस वर्षं झाली. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याचा ओरॅकल डेटाबेस त्यांच्या ताब्यात आहे. इलेक्ट्रिशियनशी कन्नड, आमच्याशी मराठी आणि सर्व्हरशी मौन. त्याला ते हात लावत नाहीत, लावूही देत नाहीत. "चालतोय न्हवं? मग?" आयुधपूजेला तेवढं त्याला गंध-कुंकू लागतं, दाराशी कोहळा फुटतो, पण बंद तो त्याही दिवशी होत नाही.

त्यांचा सिद्धान्त एकच: सर्व्हर शहाणा आहे, बिघाड तुमच्याकडे. ऐकून डोकं फिरतं. एडगर कॉड यांनी १९७० साली डेटाबेसच्या रिलेशनल मॉडेलवर निबंध लिहिला. माहिती यंत्रात कशी रचलीय हे वापरणाऱ्याला ठाऊक असायची गरज पडू नये, असं त्यात आहे. काका त्याचा अर्थ 'पासवर्ड मागू नका' असा लावतात. स्वतः टाइप करताना डावा हात कीबोर्डावर असा आडवा धरतात, की परीक्षेत शेजारच्याला उत्तर दिसू नये.

विंडोजमध्ये डेटाबेसशी गाठ घालून देणारं ६४ बिटचं ओडीबीसी 'सिस्टीम३२' नावाच्या फोल्डरात राहतं आणि ३२ बिटचं 'सिसवाव६४'मध्ये. ही गोष्ट काका भावकीतली भानगड सांगावी तशी आवाज उतरवून सांगतात. "नाव सोनुबाई," एवढंच म्हणतात आणि पुढचं आपण म्हणायची वाट बघतात. आपलं एक्सेल ३२ बिटचं निघालं, की बघतातही तसेच.

गेल्या जूनमध्ये बारा डेस्कटॉप आले. अकरा जोडले गेले, माझा अडला. पिंग लागत होतं, पण पडद्यावर ओआरए-१२१५४. पत्ता सापडत नाही म्हणे. या वेळी सर्व्हरच बिघडलाय, अशी माझी खात्री आणि थोडी आशाही. काकांनी सर्व्हरचा पत्ता असलेली टीएनएसनेम्सची फाइल उघडली आणि पेनाच्या टोकाने कंस मोजायला घेतले, जपमाळ ओढावी तसे. उघडणारे सात, मिटणारे सात. पोर्ट १५२१, बरोबर. साडेआठ वाजले. घरून फोन आला, तो त्यांनी टेबलावर उपडा ठेवला. डब्यात उरलेली चपाती माझ्यापुढे सरकवली. "खा. उपाशी माणसाला कंस दिसत नाहीत."

मग म्हणाले, "फाइलींची शेपटं दाखव बघू." विंडोज ती एरवी लपवून ठेवतं. दाखवली. मी नोटपॅडमधून जतन केलेल्या फाइलीच्या मागे गुपचूप एक 'डॉट टीएक्सटी' लटकत होतं. ते काढलं आणि डेस्कटॉप जोडला गेला.

काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

येत्या मार्चला ते निवृत्त होतायत. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला तीन आठवड्यांत पिंग आणि कंस एवढं शिकवून झालंय. पासवर्डाचा विषय अजून निघालेला नाही.