गुडघ्याची बाजू

पद्मासनाच्या बाबतीत माणूस गुडघ्याला बाशिंग बांधूनच सतरंजीवर उतरतो. बाकीची आसनं त्याला शिकायची असतात, हे मात्र करून दाखवायचं असतं. कॅलेंडरवरच्या ज्ञानेश्वरांपासून जाहिरातीतल्या तरुणीपर्यंत सगळे असेच बसलेले, त्यामुळे योग म्हणजे पद्मासन हे समीकरण लहानपणापासून पक्कं. पुण्याच्या कुठल्याही बागेत सकाळी सहाला जा. एक पाऊल मांडीवर चढलेलं, दुसरं दोन्ही हातांनी ओढून आणणं चाललेलं आणि चेहऱ्यावर ध्यानस्थ माणसाला न शोभणारे भाव. शेजारी एखादे अनुभवी गृहस्थ असतातच. "काही होत नाही हो, दाबा थोडं," म्हणत ते परक्या गुडघ्यावर आपला तळवा ठेवतात. पुढचे दोन महिने त्या गुडघ्याचा मुक्काम नी-कॅपमध्ये.

गुडघ्याची बाजू कुणी ऐकूनच घेत नाही. खुबा हा उखळीचा सांधा, गुडघा बिजागरीचा, हे शाळेत आपण पाठ करून मार्क मिळवलेले असतात. उखळीतलं हाड चहूकडे फिरतं. बिजागरी उघडते आणि मिटते; गुडघा वाकलेला असताना किंचित पीळ सोसतो, पण किंचितच. पाऊल समोरच्या मांडीवर न्यायचं तर मांडीचं हाड खुब्यात भरपूर बाहेर वळायला हवं. वर्षानुवर्षं खुर्चीत काढलेला खुबा ते नाकारतो. मग साहेब रजेवर गेले की त्यांच्या फायली जशा कारकुनाच्या टेबलावर येतात, तसा तो न झालेला पीळ गुडघ्याकडे येतो. तिथं दोन हाडांच्या मध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी असतात, डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. आतल्या बाजूची चंद्रकोर जास्त घट्ट बांधलेली असते, तिला चटकन बाजूला सरकता येत नाही, म्हणून चिमट्यात बहुधा तीच सापडते. तिच्या आतल्या कडेला रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. तिथं फाटलं तर आपोआप सांधण्याची आशा फारशी धरता येत नाही.

तेव्हा आधी खुब्याची मनधरणी. बद्धकोनासन रोज करावं, घाई न करता. पद्मासनाला बसताना चादरीची जाड घडी बैठकीखाली घ्यावी, म्हणजे कंबर उचलली जाते आणि गुडघे खाली यायला तयार होतात. मग पाय पूर्ण मिटायचा, टाच मांडीला टेकेपर्यंत. मिटलेली मांडी-पोटरी एकत्र धरून सगळा पाय खुब्यातून बाहेर वळवायचा, आणि मगच पाऊल उचलून समोरच्या जांघेशी ठेवायचं. पाऊल धरून मुरगाळायचं नाही. गुडघा अधांतरी राहिला तर खाली टॉवेलची गुंडाळी सरकवावी. त्याला दाबणारे हितचिंतक लांब ठेवावेत. मांडीत किंवा खुब्याभोवती ताण बसला तर काम चाललंय असं समजावं. गुडघ्याच्या आत टोचलं, चिमटा बसला, की त्याच वाटेनं हातांच्या आधारानं परत. पायांची अदलाबदलही करावी. आपण जन्मभर एकच पाय वर ठेवतो आणि दुसऱ्याला अवघडल्याचा दोष देतो.

गंमत अशी की, हे सगळं सांगायला पुणेकराला जगभर हिंडावं लागत नाही, जगच इथं शिकायला येतं. १९३७ साली बी. के. एस. अय्यंगार अठरा वर्षांचे असताना डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले आणि २०१४ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत पुण्याचेच राहिले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं भोगलेला हा मुलगा योग शिकू लागला तेव्हा वाकल्यावर त्याचे हात जेमतेम गुडघ्यांपर्यंत पोचत. ज्याची सुरुवातच गुडघ्यापाशी अडली, त्यानं पुढे ताठर लोकांची कीव केली, हे मला फार न्याय्य वाटतं. १९६६ च्या 'लाइट ऑन योगा'त त्यांनी आसनांना अवघडपणाचे आकडे दिलेत, ते साठपर्यंत जातात, पद्मासनाला चार. जमिनीवर बसायची सवय नसलेल्यांना सुरुवातीला गुडघ्यांभोवती फार दुखेल आणि चिकाटीनं ते कमी होईल, असंही त्यात आहे. आपले लोक नेमकी चिकाटी उचलतात आणि 'सवय नसलेल्यांना' हे शब्द परदेशी माणसांसाठी आहेत असं समजतात.

१९७५ साली मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची संस्था उभी राहिली. पट्टे, विटा, लोड, घोंगड्या, खुर्च्या, भिंतीतल्या दोऱ्या ही सगळी सामग्री तिथून जगभर गेली. कुठला तरी जर्मन गृहस्थ दोन घड्यांवर बसून, गुडघ्याखाली वीट घेऊन सुखानं श्वास मोजतो; आणि इथला सदाशिवपेठी माणूस "आम्हाला आधार कशाला?" म्हणून थेट फरशीवर. आजोबा पंगतीत तासभर मांडी घालून बसत हे त्याला आठवतं. आपण डायनिंग टेबलावर जेवतो, कमोडवर बसतो आणि सिग्नलला पाय टेकवण्यापलीकडे पायांना काम देत नाही, हे आठवत नाही. मांडी वारसाहक्कानं येत नाही.

बरं, पद्मासन आलंच पाहिजे असंही कुठं आहे? हठयोगप्रदीपिकेनं आसनांत श्रेष्ठ ठरवलंय ते सिद्धासनाला. प्राणायामाला अर्धपद्मासन चालतं, साधी मांडीही चालते. घरोघरीच्या गणेशमूर्ती पाहा: बहुतेक ठिकाणी एक पाय मुडपलेला, दुसरा खुशाल खाली. तो देह सांभाळायचा तर हेच शहाणपणाचं, हे बाप्पानं वेळीच ओळखलेलं दिसतं.

घडीची चादर मात्र सोडू नये. सोलापुरी असेल तर चार घड्यांत काम होतं. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीचं तिकीट काढणाऱ्यांनी तर ती न्यावीच. ख्यालाच्या विलंबितात गुडघे आधी द्रुतात जातात. एवढंच, की चादरीवर बसल्यानं तुम्ही चार बोटं उंच होता. मागच्या रांगेतले काका ते पहिल्या आलापातच लक्षात आणून देतील.