चालायला निघणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना (मुक्काम बीड)

सुरुवातीलाच बूट घेऊ नका. मी घेतले, तीन हजारांचे. दोन वर्षं झाली, खोक्यातच आहेत. ते खोकं दिसलं की मन खट्टू होतं, आणि मन खट्टू झालं की भजी लागतात. घरातली चप्पल पुरते.

मोबाईलमधलं पावलं मोजायचं यंत्र बंद करा. दहा हजारांचा आकडा काही वेदवाक्य नाही. 1965 साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं' असा होता. त्या नावापायी आपण रात्री साडेदहाला 9,400 वर अडकतो आणि हॉलमध्ये येरझाऱ्या घालतो. बायको विचारते, काही हरवलंय का? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करा म्हणते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आमच्याकडे चहाच्या टपरीवर याहून जास्त वेळ जातो.

आदर्श ठेवायचाच असेल तर आपल्याच जिल्ह्यातला ठेवा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा, कारण गाडीच नव्हती. त्याला व्यायाम म्हणतात हे बहुधा त्याला कुणी सांगितलंही नसेल. पुढे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या 0.05 नं. सुवर्ण हुकून जग बुडत नाही, तर आपल्याला एक दिवस खाडा पडला की आठवडाभर तोंड लपवायची गरज नाही.

(ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी यातली एकही सूचना नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बाईला व्यायामाचं महत्त्व सांगू नये. तिला झोप हवी असते.)

जिलेबी खाल्ली म्हणून चालू नका. चालणं म्हणजे दंड नव्हे. दंड भरायला कुणी हौसेनं जात नाही. कंकालेश्वराच्या बाजूला जा, कठड्याला टेका, पाण्यात उभं असलेलं देऊळ बघा. बसलात तरी चालेल.

आता अवघड भाग. आपल्या गावात सकाळी चालणारा माणूस दिसला की समोरचा विचारणारच, "काय सर, शुगर निघाली का काय?" यावर "हो" म्हणून सुटता येतं. मी महिनाभर तसंच सुटलो. मग एका सकाळी, का कुणास ठाऊक, आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याला खरं सांगून टाकलं, "शुगर नाही. रात्री झोप येत नाही, जीव घाबरा होतो. चाललं की जरा मोकळं वाटतं." आता हा दुकानात बसून सगळ्या गल्लीला सांगणार, असं वाटलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"मलाबी तसंच होतंय. पण म्हणावं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फाटक वाजलं. त्याच्या पायात चप्पलच होती.