हेर मोहगाव

मोबाइलवरचा आप्पांचा फोटो पाहून मॅडमनी विचारलं, "वेअर इस्ट दास?" मी ताठ आवाजात उत्तरलो, "मोहगाव."

"आह, हेर मोहगाव!" मॅडम म्हणाल्या आणि नागपूरच्या त्या जर्मन क्लासात आमच्या वडिलांचं नव्यानं बारसं झालं.

जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत, 'वेअर' म्हणजे कोण आणि 'वो' म्हणजे कुठे. इंग्रजीचं 'वेअर' नेमकं उलट सांगतं, आणि आमच्याकडे 'वो' म्हटलं की हिंदीतला 'तो' हजर. मोहगाव पडलं मध्य प्रदेशात. घरात मराठी, शाळेत हिंदी, मार्कांपुरती इंग्रजी. 2023 साली आमचं गाव छिंदवाडा जिल्ह्यातून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. डोक्यातल्या हद्दी मात्र कुणी आखून दिल्या नाहीत.

लिंगांचं मला भय नव्हतं. शाळेत 'मेरी पुस्तक', घरी 'माझं पुस्तक' करत वाढलेला मी. त्यात गावचा देव अर्धनारीश्वर. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, ती नपुंसकलिंगी कशी, म्हणून बॅचमधले हिंदीवाले हैराण झाले तेव्हा मी कॉलर ताठ केली. आमची आजी नातीला 'माझं लेकरू'च म्हणते की! पुढच्याच तासाला सूर्य 'ती' निघाला. कॉलर खाली आली.

मग 'मिअर' आणि 'मिश'. दोन्हींचा अर्थ 'मला'. मराठीत बिचारा एकच 'मला' थंडीही सोसतो आणि बोलावणंही. डिसेंबरात कुडकुडत मी म्हणालो, "इश बिन काल्ट." म्हणजे मी भावनाशून्य माणूस आहे! 'मला थंडी वाजते' या चालीवर 'मिअर इस्ट काल्ट' म्हटलं असतं तर बिनचूक ठरलो असतो. पण मी शहाणा, इंग्रजीवरून वळसा घेत गेलो.

तोंडी चाचणीची वेळ होती 'हाल्ब द्राय'. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. साडेतीनला पोचलो तर वर्गाला कुलूप. हाल्ब द्राय म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला, अर्थात अडीच. काय हा उफराटा हिशेब, असं बसमध्ये सौंसर येईपर्यंत पुटपुटत होतो. घरी शब्दकोश उघडला. आपलं 'अडीच' आलंय संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते! 'दीड'ची कथाही तीच, तिथे दुसरा अर्धा. संत्र्यांचं वजन करताना आप्पा जन्मभर 'अडीच किलो' म्हणत आले. जर्मन घड्याळ त्यांच्या तोंडात होतं आणि मी ते शिकायला फी भरून नागपूरला जात होतो.

फेरचाचणी शनिवारी आहे, पुन्हा हाल्ब द्रायलाच. सकाळची बस धरणार म्हटल्यावर हेर मोहगाव टोपी झटकत म्हणाले, "मी बी येतो."