रंग काहिलीत बघावा

सदर मार्गदर्शन राहू आणि पंचक्रोशीतल्या, म्हणजे खाली मुळा-मुठा आणि वर भीमा अशा दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेल्या बेटातल्या घरमालकांसाठी आहे. पुण्यातल्या फ्लॅटवाल्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वाचावं. त्यांच्या भिंतींना शेजाऱ्याच्या टीव्हीचा त्रास असतो, आमच्या भिंतींना गुऱ्हाळाच्या काजळीचा. रोग वेगळा, औषध वेगळं.

सुरुवातीलाच एक पथ्य. दुकानातलं शेड कार्ड घरी आणू नका. आम्ही आणलं. पाच-सातशे चौकटींचं ते पुस्तक रात्री साडेआठला सतरंजीवर उघडलं आणि साडेदहापर्यंत घरात चार पक्ष झाले. प्रत्येक चौकटीखाली इंग्रजीत धुकं, वाळू, लोणी, स्वप्न असलं काहीतरी लिहिलेलं. चुलत्यांनी एका चौकटीवर बोट ठेवून विचारलं, "ह्ये क्रीम आन् त्ये क्रीम, ह्यात फरक काय?" मी म्हणालो, एक जरा उबदार आहे. ते म्हणाले, "मग उन्हाळ्यात काय करायचं?"

खरं तर आपल्याला नावं उसनी आणायची गरजच नाही. घरातल्या बाईला कपाट उघडायला सांगा. अबोली, मोतिया, आकाशी, पोपटी, श्रीखंडी, आमसुली, अंजिरी, शेवाळी, विटकरी, गुलबक्षी. हे शेड कार्ड घड्या घालून ठेवलेलं आहे, आणि त्यातल्या प्रत्येक रंगाला कुणाच्या लग्नातलं, कुणी घेतलेलं आणि किती धुण्यांनंतर विटलेलं हा इतिहास जोडलेला आहे. विटण्याचा हिशेब कुठल्याच छापील कार्डात मिळत नाही. पदर भिंतीला लावून पाहावा. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री ट्यूब लावून एकदा. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात श्रीखंडी रंग आजारी दिसतो, हे आम्हाला दोन हात मारून झाल्यावर कळलं.

आता थोडं जुन्या शास्त्राबद्दल. आजीच्या काळी रंगनिवड नावाचा प्रकार नव्हता, कारण निवडायला काही नव्हतं. भिंतीला चुना, चुन्यात निळीची चिमूट, खाली जमिनीलगत गेरूचा पट्टा आणि पायाखाली शेणाचं सारवण. चार वस्तू, झाला पॅलेट. पण त्यात अक्कल होती. चुना ओला असताना मळकट दिसतो आणि हवा खाऊन वाळला की पांढराशुभ्र होतो, म्हणून ओल्या भिंतीकडे बघून गवंड्याशी भांडायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चुन्यात पिवळी झाक असते, ती निळीनं मरते. आणि तो गेरूचा पट्टा हौसेचा नव्हता. बेटातली काळी जमीन, तिला बारमाही उसाचं पाणी; ओल भिंतीत चढते आणि दोन-तीन फुटांपर्यंत लोणा फुटतो. आज त्याच जागी आपण महागडं प्लास्टिक पेंट लावतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्याचे पोपडे पापडासारखे सोलत बसतो. मुलांना आवडतं ते काम.

तेव्हा खालचे तीन फूट गडद ठेवा. विटकरी, आमसुली, नाहीतर सरळ गेरू. त्याच्या वर पोरांचे हात पोहोचतील तिथपर्यंत ऑइलपेंट, पुसता येतो. आणि बैठकीच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर, घरातला वडीलधारा माणूस ज्या जागी टेकून बसतो ती जागा आधीच आखून घ्या. तिथे खोबरेल तेलाचा एक गोल डाग पडणार आहे. आमच्या आबांचा डाग तीन रंग खाऊन उरला. चुन्यातून वर आला, डिस्टेंपरमधून वर आला, इमल्शनमधून दिवाळीच्या आत आला. शहरातले सजावटकार सांगतात की खोलीत साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा आणि दहा टक्के उठाव देणारा हवा. आबांचा डाग हा आमचा उठाव देणारा रंग. बाकीच्या नव्वद टक्क्यांची वाटणी भाऊबंदांत अजून व्हायची आहे.

आता मुख्य मुद्दा. राहू बेटात रंगाचा खरा जाणकार रंगारी नाही आणि इंटिरिअरवाला तर नाहीच नाही. जाणकार गुळव्या. एकदा चुलवाणाजवळ उभं राहून पूर्ण आधण बघावं. काहिलीत पडतो तेव्हा रस हिरवट राखाडी, थेट मुळा-मुठेच्या पाण्याच्या जातीचा. भेंडीचं पाणी घातलं की काळपट मळी वर येते. ती झाऱ्यानं काढली की रस निवळतो, लिंबोळीसारखा पिवळा होतो. मग फेस चढतो, हळदीचा, मग केशरी, मग तांबूस. शेवटच्या दोन-चार मिनिटांत गुळव्या कुणाशी बोलत नाही. थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी वळतो, काहिलीकडे बघतो आणि हात वर करतो. एवढाल्या वाफेत, घामानं डोळे चुरचुरत असताना, दोन तपकिरींमधला फरक त्याला कळतो. जरा उशीर झाला की ढेप काळी आणि भाव खाली. आपण एसीत बसून दोन क्रीममधला फरक सांगू शकत नाही.

ह्याच काहिलीत एक धडा आहे. बाजारात पिवळ्या ढेपेला उठाव असतो, काळपट ढेपेकडे बघून नाक मुरडतात. म्हणून कुणीकुणी पावडर मारून गूळ गोरा करतं. गूळ दिसतो सोन्यासारखा, पण काही महिने ठेवला की पुन्हा काळवंडतो. तसंच आपल्या हॉलचं. दुकानात जाऊन सगळ्यांत पांढरा पांढरा मागायचा आणि घराच्या वाऱ्याच्या दिशेला गुऱ्हाळाचं धुराडं. चिपाड जळतं, काही ठिकाणी चिपाडासोबत आणखी काय काय जळतं ते विचारू नये, आणि काजळीचे काळे पापुद्रे वाळत घातलेल्या धोतरावर, कुरडयांवर आणि मग खिडकीतून आत येऊन भिंतीवर बसतात. पुसलं तर रेघ उमटते. न पुसलं तर सबंध भिंत हळूहळू एकसारखी होते, आणि ते रेघेपेक्षा बरं दिसतं.

म्हणून आमची पद्धत अशी. भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून उतरवा. त्याच्यामागे एक चौकोन दिसेल, गेल्या वेळी तुम्ही निवडलेल्या रंगाचा, कोराकरकरीत. त्याच्या बाहेर आत्ताची भिंत. चौकोनाला भुलू नका. चौकोनाबाहेरचा एक पोपडा नखानं काढा, कागदाच्या पुडीत घाला आणि दुकानात न्या. हल्ली मशीन असतं, ते पोपड्याकडे बघून रंग बनवून देतं. जो रंग पाच वर्षांनी होणारच आहे, तो आजच पैसे देऊन लावून घ्या. आमच्या पोपड्याचा रंग काकवीत राख मिसळावी तसा आला. दुकानदारानं दोनदा विचारलं, नक्की हाच का?

हसू नये. रंगांचे नंबर ठरवणाऱ्या पँटोन नावाच्या अमेरिकी कंपनीनं 2025 सालचा मानाचा रंग म्हणून 'मोका मूस' जाहीर केला. तो बघून आमच्या आत्या म्हणाल्या, "ही तर उतरलेली ढेप!" 2026 साठी त्यांनी पांढरा निवडला. म्हणजे जगानं एका वर्षात गुऱ्हाळ ते चुना असा प्रवास केला. आजीनं दोन्ही एकाच घरात ठेवले होते.

काही किरकोळ सूचना. भगवा, निळा, हिरवा हे रंग दर्शनी खोलीत देण्याआधी ग्रामपंचायतीची निवडणूक कधी आहे ते बघा. तुम्हाला फक्त पडद्याला जुळणारा रंग हवा होता हे कुणी मानणार नाही. वास्तुवाल्याचं ऐका, पण एकाच. दोघांना बोलावलं तर देवघर मध्येच लटकतं. नवा गिलावा महिनाभर तरी वाळू द्या, मुहूर्त असला तरी. पुट्टी, म्हणजे आपली लांबी, तीवर पॉलिश पेपर घासताना धान्याची पिंपं झाकून ठेवा. रंगारी "दोन हात" म्हणतो तेव्हा दुसरा हात तुमच्यासमोर मारायला सांगा. आमच्या रंगाऱ्याचा दुसरा हात आम्ही लग्नाला गेलो त्या दिवशी झाला, असं तो अजून म्हणतो.

राहिला हिशेब. एशियन पेंट्सचा हातात कुंचा घेतलेला, केस विस्कटलेला गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढला, त्याच कंपनीच्या डिस्टेंपरचं नाव ट्रॅक्टर. आमच्या चुलत्यांनी दुकानात ते नाव ऐकून विचारलं होतं, हप्त्यावर मिळतो का. नाही मिळत. रोख द्यावे लागतात, आणि लागणाऱ्या मापापेक्षा थोडा जास्तच घ्यावा लागतो, कारण दुसऱ्या खेपेला मिसळलेला रंग पहिल्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही.

घेताना सुटे चार-चार लिटरचे डबे घेऊ नका, वीस लिटरची बादली घ्या. रंग भिंतीवर दोन दिवाळ्या टिकेल. बादली आमच्याकडे अकरा वर्षं झाली, सध्या तिच्यात म्हशीची पेंड भिजते. झाकण मात्र दुकानातच तपासून घ्या, ते बहुतेक चिरलेलं असतं.