चढता आलेख

कल शोधून अहवाल लिहिणाऱ्यांचं एक बरं असतं. भविष्य पुढे कधीतरी येणार, बिल मात्र याच महिन्यात निघतं. फेब्रुवारी २०२२मध्ये गार्टनर या संशोधन कंपनीने सांगून टाकलं, की २०२६पर्यंत २५ टक्के लोक रोज निदान तासभर मेटाव्हर्समध्ये, म्हणजे डोक्यावर हेडसेट घालून शिरायच्या आभासी जगात, घालवतील. जूनमध्ये मॅकिन्सी या सल्लागार कंपनीने मेटाव्हर्समधून २०३०पर्यंत ५ लाख कोटी डॉलरपर्यंतचं मूल्य निर्माण होईल, असं मांडलं.

झालं, ऑफिसाऑफिसांत 'संशोधन' सुरू. गूगलवर शब्द टाकायचा, वर आलेले दहा लेख उघडायचे. दहाही जणांनी हेच दोन आकडे उचललेले; म्हणून लिहायचं, 'दहा स्रोतांचा दुजोरा'. खाली निळा, उजवीकडे चढत जाणारा आलेख. (उतरता आलेख काढायची सोय सॉफ्टवेअरमध्ये नसावी.)

मार्च २०२३मध्ये डिस्नेने आपला मेटाव्हर्स विभाग गुंडाळला, मायक्रोसॉफ्टने अल्टस्पेस या आपल्या आभासी भेटीगाठींच्या मंचाला टाळं लावलं. आमचे संशोधक काही डगमगले नाहीत. जुनी फाइल उघडली, 'मेटाव्हर्स'च्या जागी सगळीकडे 'जनरेटिव्ह एआय' घातलं, तारीख बदलली आणि साहेबांना मेल केली. 'जनरेटिव्ह एआय डोक्यावर फार वेळ घातल्यास मान दुखते' हे वाक्य तेवढं सातव्या पानावर राहिलं. साहेबांनी त्याखाली रेघ मारून शेजारी लिहिलं: छान निरीक्षण.